पाहुण्यांसमोरचं इंग्रजी

श्रीपाद सरांना माणसं फारशी आवडत नसत, आणि त्यांनी नोकरी धरली ती शिक्षकाची. निगडीच्या प्राधिकरणातून रोज सकाळी स्कूटर काढायची, मोशीवरून नाशिक रस्त्याला लागायचं, कंटेनरच्या मधून जीव मुठीत धरून कुरुळी गाठायची आणि तिथून आत वळून वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचायचं. पोचेपर्यंत मनातल्या मनात बऱ्याच जणांचा उद्धार झालेला असे. ट्रकवाल्यांचा, रस्ता खणून तसाच ठेवणाऱ्यांचा, जमिनी विकून दारात दोन-दोन गाड्या उभ्या करणाऱ्या गाववाल्यांचा, आणि फाटकाशी आल्यावर सगळ्यात शेवटी पालकांचा.

पालकांवरचा राग अगदीच अकारण नव्हता. शाळा चांगली होती. हे एकटे सरच म्हणत नव्हते. तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी सहावी-सातवीच्या पोरांकडून धडे वाचून घेतले, फळ्यावर अपूर्णांक सोडवून घेतले आणि ही पोरं कुठली म्हणून विचारलं. कुठली म्हणजे, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांची. बीड, परभणी, नांदेडहून येऊन पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांची. साहेबांनी 'उत्तम' असा शेरा दिला, चहा घेतला, केंद्रातली ही सगळ्यात चांगली शाळा असं चारचौघांत सांगितलं आणि निघून गेले. त्याच जूनमध्ये सातवीतली पोरं एकामागोमाग एक नवनाथच्या शाळेत गेली.

नवनाथची शाळा टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर भरत असे. नाव 'ब्राइट प्लॅनेट इंटरनॅशनल'. यातलं इंटरनॅशनल म्हणजे एवढंच की दोन बाजूंच्या भिंतींवर झेंडे रंगवलेले होते, तेही निम्मे चुकलेले. नवनाथ स्वतः दहावीला दोनदा बसलेला. जमिनीचा पैसा आल्यावर तो आधी मंगल कार्यालय काढणार होता, पण शाळेत जास्त सुटतं असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. शिकवायला गावातल्याच बारावी झालेल्या सुना. इंग्रजी शाळा म्हणून पोरांना मराठी बोलायची बंदी आणि इंग्रजी कुणालाच येत नाही, त्यामुळे वर्गात शांतता मात्र छान. बाहेरचं कुणी आलं की अख्खा वर्ग उठून लांबलचक सुरात गुड मॉर्निंग गायचा. गळ्यात इलॅस्टिकचा टाय, पायात बूट, आणि दारात न्यायला पिवळी व्हॅन. पालक भाळले ते टायवर आणि व्हॅनवर.

"शिकायला काय घालतात का हे पोरांना," सर स्टाफरूममध्ये म्हणायचे. "पार्सल पाठवतात. गाडीत बसलं म्हणजे झालं." खालच्या वर्गांच्या दोघी बाई मान डोलवायच्या. त्यांची स्वतःची मुलं भोसरीच्या इंग्रजी शाळेत होती. सरांचा निमिषही निगडीतल्या चांगल्या, जुन्या इंग्रजी शाळेत होता. पण ती गोष्ट वेगळी, असं सगळ्यांनाच वाटायचं. शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दत्तोबा. त्यांचे तिन्ही नातू नवनाथकडे होते आणि पंधरा ऑगस्टला सरकारी शाळा टिकली पाहिजे यावर तेच सगळ्यात जास्त बोलायचे.

हे सगळं एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण सरकारने नियम काढला होता की सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला तर तिथे शिक्षक मिळणार नाही. पट विसाच्या अगदी काठावर आलेला होता. तो घसरला की मोठे वर्ग बंद आणि सर अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे मग जिथे जागा रिकामी असेल तिथे, आणि जागा रिकाम्या होत्या त्या भोरच्या डोंगरात. निगडीचं घर, निमिषचं पुढचं दहावीचं वर्ष, बायकोची, मृदुलाची, बँकेतली नोकरी, सगळं इथे आणि सर तिकडे एखाद्या खोलीत स्वतःचा भात स्वतः लावताहेत. वर्ग बंद झाले तर पोरांना हमरस्ता ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागेल आणि मुलींना कुणी तो रस्ता ओलांडू देणार नाही, त्या घरीच बसतील, हेही सरांना कळत होतं. पण झोप उडायची ती भोरमुळे. हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं.

राहिलेला पट बहुतेक सगळा दत्तोबांच्या चाळीतला होता. ओढ्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक रांग, आणि त्या रांगेत शब्द चालायचा रंभाबाईचा. रंभाबाई परभणीकडची. एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. नवरा कारखान्यात रंगकामाला, पेंट शॉपला, बहुतेक रात्रपाळीत. कुणाचं बाळंतपण, कुणाचं गॅसचं कनेक्शन, कुणाची पोरं कुठल्या शाळेत, सगळं तिला विचारून. आणि तिचा शब्द होता की शिकवणारा माणूस सरकारी शाळेत आहे. नवनाथने व्हॅन घेऊन चाळीत दोनदा फेरी मारली होती. रंभाबाईने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

याचं कारण तिची मुलगी. रूपाली सातवीत होती. किरकोळ अंगाची, बोलायला कमी, आणि डोकं असं की सरांना पहिल्यांदा शंका आली होती, ही कुणाचं तरी बघून लिहिते. मग त्यांनी शाळा सुटल्यावर तिला थांबवायला सुरुवात केली. घरचा आदल्या दिवशीचा इंग्रजी पेपर आणायचे, निमिषची जुनी पुस्तकं आणायचे. ती मोठ्याने वाचायची, अडलं तिथे थांबायची, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही. दुसऱ्या वर्षी तर सर तिच्याशी इंग्रजीतच बोलायला लागले. किल्ली आण, खिडक्या लाव, आज बातमी काय आहे, असं साधंच, पण ती उत्तरही इंग्रजीत द्यायची. शाळेचा पाण्याचा फिल्टर बंद पडला तेव्हा खोक्यातला इंग्रजी कागद वाचून तिनेच तो उघडून साफ केला. त्या दिवशी सर घरी जाऊन मृदुलाला म्हणाले, "निमिषला हे जमलं नसतं." या पोरीवर त्यांचा जीव होता. जगातल्या उरलेल्या लोकांविषयी जे वाटायचं ते तिच्याविषयी वाटायचं नाही, आणि याचं श्रेय ते स्वतःलाच द्यायचे.

फेब्रुवारीत निरोप आला की चाकणची एक मोठी कंपनी शाळेला काहीतरी देणार आहे. कंपन्यांना असं काही द्यायची आठवण फेब्रुवारीतच होते, कारण मार्चच्या आत पैसा खर्चला नाही तर त्यांना वर उत्तर द्यावं लागतं. सरांनी मागितली व्हॅन. व्हॅन आली की चाळीतली पोरं पक्की होतील, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली येतील, आणि टायरच्या दुकानावर गेलेलीसुद्धा निम्मी परत येतील.

पाहणीला पूर्वी मॅडम आल्या. तिशीच्या, खादीचा कुर्ता, पायात महागडे बूट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. राहायच्या रावेतला. बरोबर फोटो काढायला एक मुलगा. दत्तोबांनी फेटा बांधला होता. रंभाबाई कँटीनमधून अर्धी सुट्टी काढून, ठेवणीतलं पातळ नेसून पालकांची प्रतिनिधी म्हणून आली होती आणि मागे भिंतीशी उभी होती. नारळ आणि गुलाबाचं ताट रूपालीच्या हातात. स्वागताचं भाषणही तिचंच, इंग्रजीत. सरांनी लिहून देतो म्हटलं तर तिने स्वतःच लिहून आणलं होतं. त्यात ओढा होता, आईची पहाटेची बस होती, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडते हे होतं. सरांनी त्यात फक्त दोन ठिकाणी शब्द बदलले होते.

भाषण झालं. पूर्वी मॅडम थक्क झाल्या, आणि इथेच घोटाळा झाला. त्या सरांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "फारच छान. पण सर, तुमच्या शाळेचं इतकं उत्तम चाललंय, तर मग आमची गरज खरं म्हणजे दुसऱ्या कुणाला जास्त नाही का?"

गेल्या वर्षी शेजारच्या केंद्रातल्या शाळेने पाहुण्यांसमोर पोरांकडून विज्ञानाचे प्रयोग करून दाखवले होते, आणि कंपनीने कौतुक करून एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. हे सरांना आठवायला हवं होतं आधी. पण पोरगी मिरवायचा मोह आवरला नव्हता. आता व्हॅन हातातून चालली होती.

आपल्याकडच्या शिकलेल्या घरांत एक पद्धत असते. पोरांना किंवा कामवाल्या बाईला कळू नये असं काही बोलायचं असलं की मंडळी इंग्रजीत शिरतात. समोरचं माणूस तिथेच उभं असतं, त्याच्याबद्दलच बोलणं चाललेलं असतं, आणि त्याच्याकडे बघून हसायलाही कुणाला काही वाटत नाही. सरांच्या घरीही निमिष लहान असताना आइस्क्रीम आणि इंजेक्शन हे विषय इंग्रजीत चालायचे. पुढे निमिष शाळेत गेला, त्याला सगळं कळायला लागलं, आणि ती सोय बंद झाली. सवय मात्र जिभेवर तशीच राहिली होती.

"मॅडम, ते भाषण पाठ केलेलं आहे," सर हसून इंग्रजीत म्हणाले. "मीच लिहून दिलं. तिला त्यातला एक शब्दही कळत नाही. पोपटासारखं बोलते."

"असं?"

"काय करणार. रॉ मटेरियलच असं येतं. आईबाप अडाणी, बाप पिणारा." रूपालीच्या बापाने आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता, पण पाहुण्यांना बाप पिणारा लागतो. "ती बघा, मागे उभी आहे ती हिची आई. सही करता येत नाही. अंगठा."

पूर्वी मॅडमनी मागे वळून पाहिलं. सरांनी हाताने दाखवलं. रंभाबाईला वाटलं, सर आपली ओळख करून देताहेत, चांगलं सांगताहेत. तिने पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि तोंड भरून हसली. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो घेतला.

"दोन-तीन वर्षांत लग्न करून टाकतील हिचं," सर रंगात आले होते. "नाहीतर कुठल्यातरी कंपनीत झाडू मारेल. आम्ही फक्त तोवर त्यांना सांभाळतो. म्हणून म्हणतो मॅडम, खरी गरज इथेच आहे."

"तुमचा स्वतःचा मुलगा...?"

"निगडीला आहे. इथे कोण घालेल? ही शाळा ज्यांना दुसरा इलाज नाही त्यांच्यासाठी आहे."

पूर्वी मॅडमना हे पटलं. कीव करायला जागा मिळाली की या मंडळींना बरं वाटतं. मग त्या वाकल्या, ताट धरून दोघांच्या मधोमध उभ्या असलेल्या रूपालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत विचारलं, "बाळ, आम्ही काय बोलतोय ते तुला कळतंय का?"

तेव्हा कुठे सरांना आठवलं की ताट कोणाच्या हातात आहे.

रूपालीने सरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, रागाने नाही की काही नाही. मग पूर्वी मॅडमकडे बघून तिने मान हलवली. नाही. आणि ताट पुढे केलं.

सरांनी सोडलेला श्वास बाजूला उभ्या दत्तोबांनाही ऐकू गेला असेल. त्या रात्री त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण शिकवलेलं इंग्रजी संथ, पुस्तकी, आणि हे बोलणं भराभर. पोरीला नसेलच कळलं. आणि थोडंफार कळलं असलं तरी हुशार आहे, शाळेसाठी बोललो हे तिला समजलं असणार. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या, पण सरांना दोन्ही सोयीच्या होत्या म्हणून त्यांनी दोन्ही मानल्या. दुसऱ्या दिवसापासून रूपाली शाळा सुटल्यावर थांबेनाशी झाली. आई कामाला जाते, घरी भाऊ लहान आहे, म्हणाली. सरांनी फार चौकशी केली नाही. वार्षिक परीक्षेत तिचा पहिला नंबर आला.

व्हॅन मंजूर झाली. एप्रिलमध्ये सर चाळीत गेले. रंभाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जूनमध्ये गाडी येणार, अगदी दारापर्यंत येणार, पण चाळीतलं एकही पोर हलता कामा नये आणि नवी चार आली पाहिजेत. तुम्ही फिरून सांगा, तुमचं ऐकतात.

"व्हय सर, सांगते की," रंभाबाई म्हणाली. "समद्या खोल्यांनी सांगते. तुमच्यासारका मानूस कुटं मिळायचा लेकरांना." आत रूपाली भावाच्या डोक्याला तेल लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

सर तिथून निघाले ते हलक्या मनाने. या लोकांना फार काही लागत नाही, गोड बोललं की झालं, असं त्यांना स्कूटरवर वाटत होतं. मे महिनाभर ते निश्चिंत होते. एक आठवडा मृदुला आणि निमिषला घेऊन महाबळेश्वरलाही जाऊन आले.

शाळा उघडली त्या दिवशी प्रवेशोत्सव. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेली पांढरी कोरी व्हॅन फाटकाशी उभी राहिली. झेंडूच्या माळा, फुगे. नवनाथच्या व्हॅनपेक्षा ही लांब होती आणि हे दत्तोबांनी दोनदा बोलून दाखवलं. नारळही त्यांनीच फोडला. त्यांचे नातू त्या वेळी टायरच्या दुकानावर गुड मॉर्निंग गात होते. सर ड्रायव्हरशेजारी बसले, गाडी वाजतगाजत ओढ्याकडे निघाली.

चाळीसमोर पोरं होती. नव्या गणवेशात, बूट घालून, ओळीने उभी. सरांनी काच खाली केली आणि त्यांना इलॅस्टिकचे टाय दिसले. तेवढ्यात मागून पिवळी व्हॅन आली, हॉर्न वाजवून पांढरीला कडेला घ्यायला लावलं, आणि पोरं त्यात चढली. सहावीची, सातवीची, आठवीची, सगळी. दोघातिघांनी सवयीने सरांना नमस्कारही केला. पिवळी व्हॅन गेली. पांढऱ्या व्हॅनचे फुगे वाऱ्यावर एकमेकांवर आपटत राहिले.

रूपाली व्हॅनमध्ये चढली नव्हती. ती टाय लावून आपल्या दाराशी उभी होती. तिला आईबरोबर थोड्या वेळाने जायचं होतं, कारण तिची फी भरायला रंभाबाई स्वतः जाणार होती.

सर उतरून तरातरा दारापाशी गेले. त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा होता. "रंभाबाई, हे काय? तुम्ही शब्द दिला होता. त्या नवनाथच्या शाळेत काय शिकवतात ठाऊक आहे का तुम्हाला? काही शिकवत नाहीत तिथे."

रंभाबाईने त्यांना आत बोलावलं नाही. उंबऱ्याशीच उभी राहिली. आवाज मात्र तिने चढवला नाही.

"न्हाई शिकवत, म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "ती मोठी बाई हाय ना तितली, ती लेकरांना गाढव म्हनती. पर तोंडावर म्हनती. लेकरू घरी येऊन सांगतंय, बाई गाढव म्हनली. कळतंय तरी काय म्हनली ते."

"मी कधी कुणाला गाढव म्हटलं?"

"तुमी न्हाई म्हनला." ती म्हणाली. "सर, त्या दिशी तुमी बोट केलं ना माज्याकडं, त्या मॅडमला दावलं. मला वाटलं, माजं नाव काडलं सरांनी. चार मान्सांत. मी हात जोडून हासत हुते. घरी येऊन पोरीला इचारलं, सर काय म्हनले ग माज्याबद्दल? तर म्हनली, चांगलं म्हनले आई, तू कष्टाळू हाईस म्हनले. पंदरा दिस मी कँटीनमधल्या बायांना सांगत फिरले, सर मला असं म्हनले. मग तुमी येऊन गेला, मी समद्या खोल्यांनी सांगाया निगाले, तवा रडाया लागली. जाऊ नको म्हनली. मग सांगितलं समदं. तिच्या बापाचं बी."

सर म्हणाले, "शाळेसाठी बोललो मी. गाडी मिळावी म्हणून. त्यांना तसंच ऐकायचं असतं."

"आसंल," रंभाबाई म्हणाली. "गाडी मिळाली की."

आता हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, हे सरांनी ओळखलं. अडाणी बाई, डोक्यात घेतलं ते घेतलं. पोरीला मात्र समजावता येईल. ती आपली आहे, आपण घडवलेली आहे. तिला पटलं तर ती आईला वळवेल, आणि आईने चाळ वळवली तर अजून काही बिघडलेलं नाही, पट मोजायला अवकाश आहे. सर रूपालीकडे वळले. आणि तिची आई मधोमध उभी होती म्हणून, तिला कळू नये म्हणून, ते इंग्रजीत बोलू लागले.

"रूपाली, ऐक. मी चुकलो, ठीक आहे. पण आता शहाणपणाने वाग. वर्ग बंद झाले तर मला डोंगरात पाठवतील. माझं घर इथे आहे, मुलगा दहावीत आहे."

रूपालीने मान आईकडे वळवली. शांतपणे, शाळेत धडा वाचायची तशा आवाजात म्हणाली, "सर म्हनतात, ते चुकले, ठीक हाय. पर आता शानपनानं वाग म्हनतात. वर्ग बंद झाले तर त्यांना डोंगरात पाठवतील. त्यांचं घर हितं हाय. मुलगा दहावीत हाय."

सरांचा चेहरा उतरला. तरी जीभ थांबेना. "तिला नको सांगूस," ते घाईने इंग्रजीतच म्हणाले. "तुला काय वाटेल ते कारण सांग, पण तिला तयार कर. तिला कळत नाही. तुला कळतं."

"तुला सांगू नको म्हनतात मला," रूपाली आईला म्हणाली. "काईबी कारन सांग पर तिला तयार कर म्हनतात. तुला कळत न्हाई म्हनतात. मला कळतं."

तिने एकही शब्द गाळला नव्हता, एकही पदरचा घातला नव्हता. जे शिकवायला सरांना दोन वर्षं लागली होती ते सगळं तिला येत होतं. आजपासून ती टायरच्या दुकानावर जाऊन बसणार होती, आणि तिथे तिला शिकवील असं कुणी नव्हतं. सरांना ते दिसलं. भोर दिसायच्या आधी, पहिल्यांदाच, ते दिसलं. पण बोलायला त्यांच्याजवळ आता कुठलीच भाषा उरली नव्हती.

रंभाबाईने पोरीचा टाय सरळ केला. दाराची कडी घातली, कुलूप लावलं.

"पोरगी लई चांगली शिकवलीत सर तुमी," ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं. मग मायलेकी रस्त्याकडेने टायरच्या दुकानाच्या दिशेने चालू लागल्या. गाडी रिकामीच परत न्यायची का, असं ड्रायव्हर लांबून विचारत होता.